खालून कोटिंग करून घेतलंय

यवतच्या थोडं अलीकडं आमच्या गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. मेहुण्याच्या घरची वास्तुशांत उरकून आम्ही दोघं शिरूरला परत निघालो होतो. ऊन टळटळीत होतं, म्हणून बायकोला म्हणालो, तू आतच बस, पाच मिनिटांचं काम आहे. स्टेपनी काढली, दाराखालच्या पट्टीला जॅक लावला आणि दांडा फिरवायला लागलो. जॅक वर जात होता, पण गाडी जागची हलत नव्हती. आणखी दोन-चार फेरे दिले तसा चुरमुऱ्यांच्या पोत्यावर पाय पडावा असा आवाज झाला आणि जॅकचं डोकं पट्टीच्या आत शिरलं. माझ्या पायांवर तपकिरी भुगा सांडला.

आत बायकोनं मागं वळून पाहिलं, तर मागच्या सीटसमोरचं मॅट खालून कुणी ढकलावं तसं वर आलेलं. ती दार उघडून बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला लांब जाऊन उभी राहिली. पंक्चरवाल्याला बोलावून, गाडी मागच्या ॲक्सलखालून उचलून चाक बदललं, तरी ती बसायला तयार होईना. ती एसटीनं गेली आणि मी एकटा गाडी घेऊन, तीसच्या पुढं काटा जाऊ न देता, शिरूरला आलो.

शिरूरच्या बाजारपेठेत माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. गाडी तेरा वर्षांची, पांढरी, लहान. तेरा वर्षं तिच्या डिकीतून मी खताची पोती नेली. इनामगावच्या गिऱ्हाइकाला चार पोती पोहोचव, न्हावऱ्याच्या कुणाला दोन दे. पोती फाटायची, खत सांडायचं, मी वरवर झाडून घ्यायचो. पावसाळ्यात डिकीत ओल यायची आणि तेच खत खारट पाण्यासारखं मॅटखाली झिरपायचं. मला हे कळत नव्हतं असं नाही. मी रोज लोकांना सांगतो की फवारणीचा पंप धुऊन ठेवा, नाहीतर सडेल. स्वतःच्या गाडीचं मॅट मात्र मी कधी उचललं नाही.

ओळखीच्या मेकॅनिकनं दुसऱ्या दिवशी गाडी वर घेतली. त्यानं खिशातला पेचकस काढला आणि पट्टीवर टेकवला. जोरही लावला नाही, तरी तो मुठीपर्यंत आत गेला. मग तो मागं गेला. मागचा ॲक्सल ज्या दोन दांड्यांनी बॉडीला धरलेला असतो, त्यातला डावीकडचा दांडा जिथं बोल्टनं बसतो, ती जागा त्यानं मला बॅटरीच्या उजेडात दाखवली. पत्र्याचे पापुद्रे सुटले होते, जुन्या पुस्तकाची पानं फुगावीत तसे. त्याच्या बरोबर वर डिकीचा आणि मागच्या सीटचा सांधा येतो. पोती तिथंच टेकायची.

तो म्हणाला, "पट्टीचं करता येईल. पण हे सुटलं, तर मागचं चाक तिरकं होईल आणि गाडी कुठं जाईल सांगता येत नाही. वेगात असलात तर संपलंच. ही रस्त्यावर नेऊ नका."

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता, आणि इतकं करूनही पत्रा वेल्डिंग धरेल याची तो खात्री देईना. भंगारात घाला, असं त्याचं सरळ मत पडलं. मी मान हलवली आणि घरी आलो. पण आठवडाभर ती गाडी दुकानामागं उभी बघून मला वाटत राहिलं की वरून तर ही किती चांगली दिसते. मग गाड्यांचे पत्रे ठोकून रंगवणाऱ्या एका डेंटरकडं गेलो. त्याला फार सांगावं लागलं नाही. पट्टीची भोकं पुट्टीनं भरली, मागच्या त्या जागेवर फायबरचं कापड चिकटवलं, मॅटखाली पातळ पत्रा रिबिट मारून बसवला आणि सगळ्या खालच्या अंगाला डांबरासारखं काळं कोटिंग मारून दिलं. गाडी खालून नवीकोरी दिसायला लागली. मला स्वतःलासुद्धा बरं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते, पण तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

गाडी घ्यायला दौंडचे एक गृहस्थ आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, साठी उलटलेली, उन्हानं रापलेला चेहरा. बरोबर मुलगा होता, तो कुरकुंभच्या कारखान्यात होता. म्हाताऱ्यांच्या बायकोचे गुडघे गेलेले. तिला दवाखान्यात न्यायला आणि दोन नातींना कुठं फिरवायला एक गाडी असावी, एवढंच त्यांना हवं होतं. मुलानं इंजिन चालू करून पाहिलं, एसी पाहिला. म्हातारे मात्र गाडीभोवती सावकाश फिरले, खाली वाकायला गेले, कमरेला हात लावून परत उभे राहिले आणि मला म्हणाले, "खालनं कशी हाय?"

मी म्हणालो, "खालून कोटिंग करून घेतलंय, मामा. बघायलाच नको."

शब्दशः ते खरं होतं. त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं, मग मान डोलावली. गाडी निघून गेली. घरी बायकोनं विचारलं, त्यांना सगळं सांगून दिली ना? मी म्हणालो, सगळं सांगून दिली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पहिले पंधरा दिवस मला काही झालं नाही. मग पाऊस लागला, रस्त्यांना खड्डे पडले. दुकानात बसलो की नजर फोनवर. आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठं अपघात झाला की अर्ध्या तासात फोटो येतात. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघायचो. रंग कोणता, नंबरप्लेट दिसते का, मागचं चाक कसं पडलंय. गाडी लाल किंवा काळी निघाली की श्वास सुटायचा, आणि लगेच लाज वाटायची की कुणाचं तरी वाटोळं झालंय आणि मी सुस्कारा टाकतोय.

एकदा वरवंडकडचा एक गिऱ्हाईक बियाणं घेता घेता सहज सांगायला लागला की सकाळी हायवेला एक पांढरी छोटी गाडी डिव्हायडरवर चढली, बरोबर लेकरं होती. माझ्या हातातलं माप खाली पडलं. मी त्याला विचारलं, गाडी कुठली? त्याला ठाऊक नव्हतं. त्याला तसाच उभा ठेवून मी मागच्या गोदामात गेलो आणि म्हाताऱ्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. सात-आठ रिंगा असतील. मी पोत्यांवर बसलो. शेवटी त्यांनी उचलला. मी विम्याच्या कागदाचं काहीतरी निमित्त काढलं. ते म्हणाले, मिळालाय कागद, गाडी झकास चाललीय, नाती तर खूश आहेत. "धाकटी तर मागच्या शिटावर उभी ऱ्हाऊन काचंतनं बघत असती. खाली बस म्हणलं तरी ऐकत न्हाई."

ती उभी राहते ती जागा मला डोळ्यांपुढं दिसली. डावी बाजू असेल तर तिच्या पायांखाली एक सीट, पातळ पत्रा, फायबरचं कापड आणि काळा रंग, एवढंच होतं.

त्याच दिवशी मी डेंटरकडं गेलो आणि विचारलं, तू केलंयस ते किती दिवस टिकेल? तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "टिकायचं काय त्यात? ते दिसायला केलंय."

हे ऐकून मी लगेच दौंड गाठायला हवं होतं. मी गेलो नाही. तीन आठवडे गेलो नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि दुपारपर्यंत मोडायचो. त्यांना काय सांगणार? ते पोलिसांत गेले तर? बाजारात कळलं तर माझ्याकडून खत कोण घेईल? या भीतीनं ती भीती दाबून टाकायची, असं चाललं होतं. जेवण तुटलं. बायको म्हणाली, साखर तपासून घ्या. मी तपासूनही आलो.

शेवटी गेलो तो एका रविवारी. काही ठरवून नाही, बस समोर उभी होती म्हणून चढलो. चौफुल्याला उतरून दौंडची गाडी धरली. घर शोधायला वेळ लागला नाही. रेल्वेच्या वस्तीपलीकडं, दारावर पंचशीलाची छोटी पताका, अंगणात कढीपत्ता. गाडी मात्र कुठं दिसेना. म्हातारे एकटेच ओट्यावर बसून लसूण सोलत होते. त्यांनी हसून स्वागत केलं. त्यांना वाटलं, मी गाडी नावावर करायच्या कागदांसाठी आलोय.

मी विचारलं, गाडी कुठंय? ते म्हणाले, मुलगा, सून आणि नाती सुनेच्या माहेरी, राहू गावाला गेल्यात, येतीलच इतक्यात. त्यांची बायको आत झोपली होती. त्यांनी मला पाणी दिलं आणि आपण होऊनच सांगायला लागले की मी तुम्हाला कळवणारच होतो, पट्टी खालून गेलेली होती बरं का.

रेल्वेत ते कीमन होते. हातात लांब दांड्याचा हातोडा घेऊन रोज रुळांवरून चालायचं, रूळ धरून ठेवणारी प्रत्येक लोखंडी चावी बघायची, सैल असेल ती ठोकून बसवायची. तीस वर्षं त्यांनी तेच केलं. गाडी घरी आल्यावर चौथ्याच दिवशी ते सतरंजी टाकून तिच्याखाली झोपले आणि पट्टी ठोकून पाहिली. लोखंडाचा आवाज येईना. खरवडलं तर पुट्टी निघाली. मग त्यांनी ओळखीच्या वेल्डरकडून दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या मारून घेतल्या.

"तुम्हाला ठाऊक नसंल आसं वाटलं," ते म्हणाले. "तुम्ही बी कुनाकडनं तरी काम करून घेतलं आसंल, त्यानं फसवलं आसंल."

ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. मी विचारलं, मागं, ॲक्सलजवळ ठोकून पाहिलं का? ते म्हणाले, तिथवर हात जात नव्हता, वरून मॅट आणि पत्रा होता, म्हणून ते राहिलं. हातातली लसणाची पाकळी त्यांनी ताटलीत ठेवली. "का वो?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं असं म्हणतो, पण ते कसं सांगितलं ते मला आठवत नाही. जॅक, पेचकस, मेकॅनिक काय म्हणाला, डेंटर काय म्हणाला. मी बोलत असतानाच ते उठले आणि आत जाऊन फोन घेऊन आले. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला नव्हता, तो राखेसारखा पडला होता. मुलाला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. सुनेला लावला, तो बंद लागत होता. ते म्हणाले, गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, मीच शिकवलंय त्याला तसं.

त्यांनी शेजारणीला आपल्या बायकोकडं बघायला सांगितलं, चप्पल घातली आणि स्कूटी बाहेर काढली. मला म्हणाले, "बसा. चालवा तुम्ही. मी फोन लावतो."

दौंडवरून पाटसकडं जाणारा तो रस्ता मी त्यापूर्वी कितीदा तरी गेलो असेन. त्या दिवशी तो संपता संपेना. मागं म्हातारे एका हातानं माझा खांदा धरून दुसऱ्या हातानं फोन लावत होते. रिंग वाजते की नाही ते मला त्यांच्या बोटांवरून कळायचं. वाजायला लागली की बोटं घट्ट व्हायची, बंद झाली की सुटायची. समोरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी मी नंबर वाचेपर्यंत नजरेत धरून ठेवायचो. एका वळणावर पंधरा-वीस माणसं रस्त्याच्या कडेला गोळा झालेली दिसली, एक ट्रक तिरका उभा. खांद्यावरचा हात एकदम दाबला गेला. मी ब्रेक लावायचं विसरलो आणि जवळजवळ त्या माणसांतच घुसलो. ट्रकमधून कांद्याची पोती पडली होती, बाकी काही नव्हतं. म्हातारे मागून हळूच म्हणाले, "चला. चला पुढं."

पाटसच्या अलीकडं फोन उचलला गेला. मी स्कूटी थांबवली. त्यांच्या आवाजात थरथर नव्हती, उलट तो कोरडा, हुकूम दिल्यासारखा होता. "कुठं हाईस? पोरींना खाली उतरव. तू बी उतर. गाडीला हात लावू नको. कारण मग सांगतो." पलीकडून मुलगा काहीतरी बोलत होता. ते ऐकून त्यांनी डोळे मिटले. मला म्हणाले, पाटसलाच आहेत, चहाला थांबलेत. मागून कट् कट् आवाज येत होता म्हणे, खड्ड्यातून गेलं की गाडी एका बाजूला ओढत होती, म्हणून त्यानं घेतली बाजूला.

आम्ही पोचलो तेव्हा दोघी मुली हॉटेलच्या बाकावर बसून बिस्किटं खात होत्या. एक सहा वर्षांची, एक चारची. म्हातारे त्यांच्याकडं गेले आणि दोघींच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. शेजारच्या गॅरेजवाल्यानं मागची सीट उचलली, मॅट काढलं, रिबिटा तोडून पत्रा ओढला. कोटिंगचा काळा पापुद्रा त्याच्या हातात चामडं सोलल्यासारखा आला. खाली बोल्टाच्या भोवतीचं लोखंड तीन बाजूंनी फाटलेलं होतं. चौथ्या बाजूला दोन बोटं रुंदीचा पत्रा तेवढा धरून होता आणि तोही मुडपलेला. गॅरेजवाल्यानं वर बघून विचारलं, यात कुणी बसून आलं काय?

मी हॉटेलच्या मागं जाऊन बसलो. परत आलो तेव्हा म्हाताऱ्यांनी मुलाला सगळं सांगितलेलं होतं. मुलगा माझ्या अंगावर धावून आला, कॉलर धरली. म्हाताऱ्यांनी त्याला अडवलं नाही आणि मीही हात वर केला नाही. त्यानं आपण होऊनच सोडलं आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. सून मुलींजवळ होती. ती माझ्यासमोर आली.

"गाडी बघायला आले तवा मामंजींनी सांगितलं व्हतं तुम्हाला, नाती हायेत म्हणून. सांगितलं व्हतं ना?"

मी म्हणालो, "हो."

ती आणखी काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती मुलींकडं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी घेतलेले सगळे पैसे आणि त्यांनी पट्ट्यांना घातलेले पैसे मी नेऊन दिले. मुलानं ते माझ्या हातातून घेतले नाहीत. टेबलावर ठेवायला सांगितले. पोलिसांचं काय, असं मीच विचारलं. म्हातारे म्हणाले, त्याचा विचार करू, पण आधी गाडी तोडायची. नुसती भंगारवाल्याला दिली तर तोही पुट्टी मारून कुणाला तरी विकेल, अशी त्यांना धास्ती होती आणि ती माझ्याकडं बघून वाटावी अशीच होती. म्हणून ते स्वतः भंगारवाल्याच्या आवारात दिवसभर उभे राहिले. मीही उभा राहिलो. गॅस कटरनं छप्पर वेगळं झालं, दारं वेगळी झाली, शेवटी खालचं अंग दोन ठिकाणी कापलं. कापताना कोटिंग पेटून काळा धूर झाला. म्हाताऱ्यांनी नाकाला रुमाल लावला, पण जागेवरून हलले नाहीत. संध्याकाळी फक्त एवढं म्हणाले, "झालं. आता जावा घरी."

ते पोलिसांत गेले नाहीत. का गेले नाहीत ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. पुढं कितीतरी महिने अनोळखी नंबरवरून फोन आला की मला वाटायचं, हाच तो पोलिसांचा.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तिला आधी खोटं बोललो होतो हेही सांगितलं. ती भाजी चिरत होती. ऐकताना तिनं विळी बाजूला ठेवली. सगळं ऐकून तिनं मुलींची वयं विचारली. मी सांगितली. मग उठताना ती म्हणाली, "यवतला गाडीतून उतरले तेव्हा माझे पाय किती वेळ थरथरत होते, तुम्ही पाहिलं होतं."

मी पाहिलं होतं. पहिली एसटी थांबली तेव्हा तिला पायरी चढता येत नव्हती, कंडक्टरनं दंड धरून वर घेतलं होतं.